सासूबाईंनी चाखलेला पूल

गेल्या आठवड्यात सासूबाईंनी मला केमिस्ट्री शिकवली... निमित्त झालं आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलचं.

मी केमिकल इंजिनियर, म्हणून या छोट्याशा पूलची जबाबदारी सगळ्यांनी माझ्या गळ्यात घातलेली. पूल खाऱ्या पाण्याचा आहे. पाण्यात मीठ घालायचं, मग एक मशीन त्यातूनच क्लोरीन तयार करतं... क्लोरीन कमी पडलं की बडोद्याच्या उन्हात पाणी हिरवं व्हायला दोन दिवस पुरतात.

सासूबाई एरवी गावाकडे, वाडीत एकट्या राहतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं, म्हणून कशाबशा आमच्याकडे आल्या. जावयाच्या घरी राहायचा त्यांना भारी संकोच. "पूल बंद पडला तर मी घरी जाणार," हे त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं.

आणि नेमका मशीनवर लाल दिवा लागला. पूल सांभाळणारे रमणभाई म्हणाले, "साहेब, मीठुं ओछुं बतावे छे." मीठ कमी दाखवतंय ना, मग घाला की... एक गोण, दोन गोणी, चार गोणी. दिवा काही विझेना, आणि पाणी हिरवट दिसायला लागलं.

सासूबाई पाण्यातून बाहेर येताना म्हणाल्या, "मकरंदराव, पाणी खारट झालंय हो. ओठाला लागलं तरी कळतंय." मी हसलो. म्हटलं, मशीन चुकत नाही.

शनिवारी पूल बंद करावा लागला. संध्याकाळी सासूबाई साड्यांच्या घड्या घालून बॅगेत ठेवायला लागल्या. ठेवता ठेवता सहज म्हणाल्या, "बोअरच्या पाण्याने तुमच्या गीझरच्या कॉईलवर पांढरे थर धरले होते ना, मग तो तापेना. ते मशीन उघडून बघितलंत का?"

नव्हतं बघितलं... इतकी वर्षं कारखान्यात हेच करतो, आणि मला सुचलं नाही.

रविवारी उघडलं, तर आतल्या प्लेट्सवर हे एवढाले थर! त्यामुळे मशीनला पाण्यातलं मीठ कळतच नव्हतं, आणि क्लोरीनही बनत नव्हतं. पातळ ॲसिडने प्लेट्स धुतल्या आणि खरा आकडा दिसला... हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट. बरंच पाणी काढून ताजं भरलं, वाढलेला पीएच खाली आणला. सासूबाई काठावर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

मंगळवारी सकाळी त्या पुन्हा पाण्यात उतरल्या. रोज माझा हात धरून चालतात. त्या दिवशी अर्ध्यात हात सोडला आणि एकट्याच पलीकडे पोचल्या. मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

मग लक्षात आलं... अशाच चालत राहिल्या तर महिन्याभरात वाडीला परत जातील. पूलचं पाणी आता मी डोळ्यात तेल घालून सांभाळतोय. पण खरं सांगू... रोज सकाळी मनातल्या मनात म्हणतो, यांचा गुडघा बरा होऊ दे, फक्त जरा सावकाश.