मारिया फुलांपाशी थांबायची

किर्गिझस्तानच्या डोंगरातला आमचा चौथा दिवस होता. माझ्याबरोबर मारिया होती, साठीची पोर्तुगीज बाई. पहिल्याच मुक्कामावर आमची ओळख झाली होती. ती दर वळणावर एखादं फूल बघायला थांबायची आणि मी मनातल्या मनात चरफडायचे. त्या सकाळीही ती वाकली. मी म्हटलं, "चल ना, ऊन चढतंय." तेवढ्यात वीस पावलांवर दरड कोसळली. काही क्षण नुसता आवाज आणि धूळ. धूळ खाली बसली, तेव्हा समोर वाटच उरली नव्हती.

मारिया दगडावर टेकली आणि हळूच म्हणाली, "मला फुलांतलं काही कळत नाही गं. दम लागतो. सांगायची लाज वाटायची."

आपलं जगणं कुणाला तरी लागलेल्या धापेवर तरून जातं, हे मला अजून पचलेलं नाही. आम्ही मागे फिरलो. उतरताना मी तिची सॅक मागितली, तिनेही ती काढून दिली. खालच्या गावापर्यंत ती पुढे होती आणि मी तिच्या चालीने मागे.