चाचांचं नाक

शिरूरला नगर रोडवर माझं मटण-भाकरीचं हॉटेल आहे. माझं माहेर मांडवगण फराट्याचं. आमच्याकडच्या बायका शंभर माणसांचा स्वयंपाक सहज उरकतात, पण मी हॉटेल काढते म्हटल्यावर घरात सगळ्यांनी डोक्याला हात लावला होता. मी काढलं आणि ते चाललं. त्यात निम्मा वाटा आमच्या आचाऱ्याचा. पिढ्यान्‌पिढ्या शिरुरातच राहिलेल्या मुसलमान घरातले ते, वय साठीच्या पुढे, हयात लग्नाच्या जेवणावळी रांधण्यात गेलेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही.

त्यामुळे भटारखान्याची तपासणी झाली तेव्हा मला धाकधूक नव्हती. ऐन दुपारी अन्न खात्याच्या मॅडम आल्या. तिशीच्या आतल्याच असतील. केसांवर टोपी चढवूनच आत शिरल्या. ओटे, मोरी, पाण्याची टाकी, सगळं वाकून वाकून पाहिलं. मी ताठ मानेनं मागे उभी. मग त्यांनी मोठा फ्रीज उघडला.

“कच्चं चिकन वरच्या कप्प्यात आणि शिजवलेला मसाला त्याच्या खाली?”

मी घाईनं मसाल्याचा डबा बाहेर काढला.

“याचं टेंपरेचर कोण बघतं? नोंद कुठंय?”

“नोंद न्हाई मॅडम,” चाचा पुढे झाले. “मी हाय ना. सकाळी झाकण काढलं की नाकाला कळतं माल कसा हाय त्यो. चाळीस वर्सं हेच नाक चालवतोय.”

“तुमच्या नाकावर माझा विश्वास आहे चाचा,” त्या शांतपणे म्हणाल्या, “पण ते मला फाईलला लावता येत नाही.”

सुधारणेची नोटीस आणि पंधरा दिवसांची मुदत देऊन त्या गेल्या. एक संध्याकाळ मी चरफडले. दुसऱ्या दिवशी कामाला लागले. पाणी तपासायला पाठवलं, माणसांची वैद्यकीय तपासणी करून घेतली, मोरीला जाळी बसवली, कच्चा माल खालच्या कप्प्यात नेला. फ्रीजमध्ये एक थर्मामीटर टांगला, आणि मटणात खुपसून बघायचा दुसरा, सळईसारखा, आणला. चाचा त्याला हात लावेनात.

“मटणाला काय ताप आलाय व्हय, सुई टोचून बघायला?”

मी हट्ट धरला नाही. नोंदवही मीच लिहायची ठरवली.

पुढच्याच आठवड्यात गुरुवारी मी पुण्याला एका लग्नाला गेले होते. इकडे दिवसभर लाईट नव्हती. संध्याकाळी आली, पण फ्रीजचा स्विच खाली पडलेला होता तो कुणी वर केलाच नाही. शुक्रवारी सकाळी मी पोचले तर चाचांनी दही-मसाला लावलेल्या चिकनचं पातेलं ओट्यावर काढून ठेवलेलं, कढईत तेल तापत होतं. सवयीनं मी आधी फ्रीज उघडला. आतला काटा वीसच्याही पुढे होता. पाचच्या आत हवा तो.

“चाचा, हे चिकन बघितलं का?”

ते पातेल्यावर वाकले. लांब श्वास घेतला. “झकास हाय. सोडू का कढईत?”

मी जवळ गेले. दही-मसाल्यातूनही आंबट, कुजकट वास येत होता. असा माल बघितला तर हातातलं पातेलं फेकून देणारा हा माणूस, त्यावर वाकून झकास म्हणत होता. मला कळून चुकलं.

चारचौघांत मी काही बोलले नाही. चिकन खड्ड्यात पुरायला पाठवलं, बाहेरच्या फळ्यावर ‘आज चिकन नाही’ लिहिलं आणि चाचांना मागच्या बाजूला टाकीपाशी बोलावलं.

“वास येत नाही ना तुम्हाला?”

त्यांनी टाकीचा नळ सोडून हात धुतले. “कोरोनात ताप आला तवापासनं. आज यील, उद्या यील म्हनलं. न्हाई आला.”

“मग इतकी वर्षं रस्सा कसा करताय?”

“तिखट-मीठ जिभेला कळतं. कांदा किती परतला ते डोळ्याला दिसतं, फोडणी कानाला ऐकू येती. नासलेलं तेवढं कळत न्हाई.” मग आवाज खाली गेला. “आज मी लोकांला काय खाऊ घालत हुतो, ताई.”

मला राग आला होता, भीतीही वाटली होती. पण रोज शेजारी उभं राहून मला हे कळलं नव्हतं, याची लाज त्याहून मोठी होती.

“मला सांगायचं ना.”

“वास न येणाऱ्या आचाऱ्याला कढईपुढं कोण हुबं करील?”

“मी करते. पण उद्यापासून थर्मामीटर तुमच्या ताब्यात आणि वास मी बघणार. माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय काही कढईत पडणार नाही.”

“म्हंजी काढत न्हाई तुम्ही मला?”

“काढलं तर रस्सा मी करू?”

“नगं,” ते पटकन म्हणाले, “तुमचा लई पातळ व्हतो.”

त्या दिवसापासून चाचांनी जो धाक बसवला तो मॅडमनाही जमला नसता. फ्रीजचं दार उघडं राहिलं की ओरडायचे. सकाळ, दुपार, संध्याकाळ स्वतःच्या वाकड्या आकड्यांत वही भरायचे. लाईट गेली की आधी फ्रीजपाशी जाऊन उभे. मॅडम पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी वही चाळली, दोन ठिकाणी सळई टोचून पाहिली आणि नोटीस निकाली काढली.

पुढे भांडगावला सोलापूर हायवेवरच्या एका हॉटेलवाल्यानं मला बोलावलं. त्यालाही नोटीस आली होती, आमच्या माणसांना जरा शिकवा म्हणाला. मी चाचांना सोबत नेलं. आठ-दहा आचारी, बहुतेक परप्रांतातले, भिंतीला टेकून बसले होते. मी कप्प्यांचं, पाण्याचं सांगत होते आणि अर्धे मोबाईलमध्ये होते. तेवढ्यात चाचा उठले.

“देखो भाई, मेरेकू चार साल से कुछ सूंघने में नहीं आता.”

सगळ्यांच्या माना वर झाल्या. मी सोडून कुणालाच माहीत नसलेली गोष्ट त्यांनी अनोळखी माणसांपुढे पहिल्यापासून सांगितली. ते पातेलंसुद्धा लपवलं नाही. कुणी हसलं नाही. मग एका आचाऱ्याला उठवून त्यांनी सळई त्याच्या हातात दिली आणि शिजत्या मटणापाशी नेलं. त्यानं ती थेट खाली दाबली. चाचांनी त्याचं मनगट धरून हळूच वर उचललं.

“तली को नहीं, गोश्त को लगनी चाहिए. हां. अब पढ़, कितना आया?”