काल काय जेवली?

"काल काय जेवली, माय?" सुई टोचण्याआधी लॅबवाल्या काकांचा हा प्रश्न ठरलेलाच. रक्त काढून झालं की कापसाचा बोळा ते स्वतः अंगठ्याने दाबून धरायचे आणि पोरांशी गप्पा मारत बसायचे. बाहेर रांग खोळंबलेली. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मी नर्स. मला भारी राग यायचा.

"काका, पट्टी लावा अन् मोकळे व्हा ना."

"पट्टीले काय समजते, सिस्टर, रक्त थांबलं का नाही ते?"

मला वाटायचं, माणूस खादाड आहे, म्हणून सगळ्यांचं जेवण विचारतो. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

नऊ वर्षांची एक मुलगी दर महिन्याला रक्त तपासायला यायची. नागपूरला तिच्या हृदयात नवी झडप बसवली होती. झडपेवर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर साध्या खरचटण्यालाही रक्त थांबायचं नाही. एकदा पावसाळ्यात तिचं रक्त फारच घट्ट निघालं. नवे डॉक्टर गोळी वाढवून लिहायला बसले. काका रिपोर्ट देऊन दारातच उभे.

"साहेब, थांबा जरा. काल काय जेवली, माय?"

"तरोट्याची भाजी."

"अन् परवा?"

"तेच."

आई घाबरत म्हणाली, "रोजच देऊन राहिली, भाऊ. हिरव्या भाजीनं रक्त वाढते म्हणून."

काका रागावले नाहीत. "भाजी चांगलीच आहे, ताई. पण टोपलंभर खाल्ली त गोळी काम करत नाही. अन् साहेब, तरोटा महिनाभरात जून होते, मग कोणी खात नाही. भाजी बंद अन् गोळी वाढलेली, मग पोरीचं रक्त कोण थांबवन?"

डॉक्टरांनी पेन ठेवलं आणि नागपूरला फोन लावला. तिकडून सांगितलं तसं केलं. भाजी मात्र काकांनीच ठरवून दिली. तरोटा असो की पालक, रोज एक वाटी, कमी नाही, जास्त नाही.

त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. काकांना तसं कधी सांगितलं नाही. राहून गेलं.

काका मागच्या उन्हाळ्यात वारले. परवा ती मुलगी काका गेल्यावर पहिल्यांदाच आली, आता नागपूरला कॉलेजात असते. लॅबमधल्या नव्या पोराने रक्त काढून झटकन पट्टी चिकटवली. ती उठेना.

"काय झालं ग?"

"कोणी विचारलंच नाही, सिस्टर."

मी पट्टी काढली, कापसाचा बोळा घेतला आणि अंगठ्याने दाबून धरला.

"काल काय जेवली, माय?"

"एक वाटी तरोटा," ती म्हणाली आणि रडायला लागली. बाहेर रांग खोळंबली होती. मी अंगठा काढला नाही.