केमोच्या खुर्चीशेजारी शिकलेलं विणकाम

"ओव्हेरियन कॅन्सर आहे, तिसरी स्टेज," मुलुंडच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं. ओव्हरी म्हणजे अंडाशय. तिसरी स्टेज म्हणजे रोग तिथून पोटात इतरत्र पसरलेला. माझी पत्नी सुधा हिचं पोट फुगतं, जेवण जात नाही, याला आम्ही ॲसिडिटी समजत होतो. "केसांचं काय?" एवढंच तिने विचारलं.

"केमोत जातील. पुन्हा येतात."

केस गेले. केमोच्या वॉर्डात एसी इतका गार की तिचं उघडं डोकं दुखायचं. स्कार्फ घसरायचा. सुधा विणकामात तरबेज. सोसायटीतल्या कितीतरी बाळांना तिने टोपडी विणून दिली होती. स्वतःसाठी टोपी विणायला बसली आणि सुई हातातून पडली. उचलली, पुन्हा पडली. डॉक्टर म्हणाले, पेरिफेरल न्यूरोपथी. म्हणजे औषधाने बोटांच्या नसा बधिर होतात. किती दिवस, ते सांगता येत नाही.

सुया तिने माझ्या मांडीवर ठेवल्या. "आता तुम्ही शिका."

मी पुस्तकांत रमणारा माणूस. शर्टाचं बटणही तीच लावायची. सलाइन ठिबकत असताना तिच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून मी सुईवर टाके घालायला शिकलो. मग सुलट टाका: सुई आत घालायची, तिच्यावरून लोकर घ्यायची, ती ओढून बाहेर काढायची आणि जुना टाका सोडून द्यायचा. अशी सरळ पट्टी विणायची. दुमडून दोन बाजू शिवल्या की टोपी.

माझी पट्टी सरळ होईना. ओळीगणिक रुंद होत गेली.

"अहो, टोपी सांगितली होती, घागरा नाही," सुधा म्हणाली. ओळ सुरू करताना मी लोकर सुईवरून मागे न्यायचो. त्यामुळे पहिल्या टाक्याचे दोन दिसायचे, आणि मी दोन्ही विणायचो. "उसवा."

मी उसवायचो. पुढच्या केमोला पुन्हा विणायचो, पुन्हा कुठेतरी चुकायचो. सलाइन बदलताना सिस्टर म्हणायची, "काकू बऱ्या होऊन घरी जातील, पण काका, तुमची टोपी काही होत नाही." सुधा हसायची. मी फार थकलेला असायचो, पण हसायचो.

मग सीटी स्कॅन झाला. यकृतावर नवे डाग दिसले. डॉक्टर म्हणाले, "आता केमोने त्रासच वाढेल. पॅलिएटिव्ह केअर देऊ." म्हणजे उपचार रोगावर नाही, वेदनेवर.

घरी आल्यावर मी पिशवीतून पट्टी काढली. मध्येच पुन्हा रुंद झाली होती. उसवायला घेतली, तेव्हा सुधाने माझा हात धरला. धरला म्हणजे वर ठेवला; पकड उरली नव्हती.

"राहू द्या."

"वाकडी झालीय गं."

"मला घालायचीय ती. टाके बंद करा. सैल हाताने, नाहीतर डोक्यात बसायची नाही."

दोन टाके विणायचे, मागचा पुढच्यावरून उतरवायचा. ती सांगत गेली, मी उतरवत गेलो. मग पट्टी दुमडून दोन्ही बाजू शिवल्या. टोपी एका बाजूला भुवईच्या खाली यायची. "बरंय," ती म्हणाली, "एका डोळ्याने तुम्ही अर्धेच दिसता." तिला पंख्याचाही वारा सोसत नव्हता. शेवटपर्यंत तिने ती काढली नाही.

घरातल्या आजाऱ्याचं करताना आपल्याला वाटतं, वेळ आहे, नीट करू. सुधाने तो हात ठेवला नसता, तर मी उसवतच बसलो असतो आणि ती उघड्या डोक्याने गेली असती.