प्लास्टिकची साडी नेसलेली गोदामाई

आमच्या पथनाट्यात गोदावरी मी व्हायचे. हौस म्हणून नाही. ती साडी दुसरं कुणी नेसायलाच तयार नव्हतं. जुन्या सुती साडीवर दुधाच्या पिशव्या आणि वेफर्सची पाकिटं शिवलेली. उन्हात उभं राहिलं की आत नुसतं उकडून निघायचं.

मी उभी राहायचे ती आईसाठी. तिचा झेंडू खाली सायखेड्याकडे, नदीकाठाला. शहरातून वाहत गेलेल्या पिशव्या मोटरच्या पाइपाच्या तोंडाला अडकतात, पाणी बंद पडतं, मग आई त्या फेसाळ पाण्यात उतरून त्या ओढून काढते. तिचे पाय पोटऱ्यांपर्यंत चिघळले होते. पुन्हा त्या पाण्यात पाय घालायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ‘मंग झेंडू वाळू देऊ का?’ हे तिचं उत्तर! म्हणून मी दर रविवारी गोदाघाटावर घसा फोडत होते.

आणि लोक? काय सांगू! एक काकू अख्खं नाटक बघून, टाळ्या वाजवून, माझ्यादेखत निर्माल्याची पिशवी नदीत भिरकावून मोकळ्या झाल्या.

‘‘अहो काकू, आत्ता काय सांगितलं मी?’’

‘‘अगं, ते कचऱ्याचं. हे देवाचं आहे.’’

‘‘आणि पिशवी?’’

‘‘देवाच्याच फुलांची ना ती!’’

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. त्यात नाटक बसवणाऱ्या आमच्या सरांनी शेवट बदलला. नदी मरते हे लोकांना अशुभ वाटतं म्हणे. त्याऐवजी मी हात वर करून आशीर्वाद देत उभी राहायची. झालं! बायका पाया पडायला लागल्या. हार घालायला लागल्या. पुढे पुढे तर खण-नारळानं माझी ओटी भरायला लागल्या. सर खूश, ‘प्रतिसाद वाढतोय’ म्हणून. कसला डोंबलाचा प्रतिसाद!

एका रविवारी फुलं विकायला आलेली आई पहिल्यांदाच नाटक बघायला घाटावर थांबली. ‘माझ्याच पाण्यानं माझ्या लेकीचे पाय सडले,’ हे वाक्य मी तिच्यावरूनच घातलं होतं. ते ऐकून ती पदरानं डोळे पुसत राहिली. म्हटलं, चला, निदान हिला तरी कळलं.

नाटक संपल्यावर ती पुढे आली आणि मला हळदकुंकू लावायला लागली.

‘‘आई, अगं मी आहे!’’

‘‘गप. आत्ता तू नाय.’’

मग तिनं माझ्या गळ्यातले हार, ओटीतले नारळ, तांदूळ, सगळं एका कॅरीबॅगमध्ये भरलं, गाठ मारली आणि पायऱ्या उतरायला लागली.

‘‘आई, नदीत नको! तो बघ निर्माल्य कलश, त्यात टाक!’’

‘‘देवीची ओटी डब्यात टाकू का? लय शहाणी झालीस.’’

मी धावायला गेले तर ती मेली साडी पायात अडकली. वरून फेकणं बरं दिसत नाही, म्हणून आईनं चपला काढल्या, नऊवारी वर खोचली आणि त्या चिघळलेल्या पायांनी गुडघाभर पाण्यात गेली. पिशवी अलगद सोडली. हात जोडले.

‘‘माय,’’ ती म्हणाली, ‘‘पाय तेवढे बरे कर.’’