शेखरच्या खेळातली आई

शेखर गेल्याचं मला त्याच्या बायकोनं, वहिनींनी, फोनवर सांगितलं. "ताई, हे गेले हो..." एवढंच. मी वर्गातून बाहेर येऊन ओट्यावर बसले. रडू आलं नाही, राग आला. ज्याच्याशी माझं भांडण अजून संपलं नव्हतं, तो मधूनच उठून गेला होता.

अर्जुनी मोरगावला आमची घरं लागून. शेखर लहानपणापासून गोष्टी रचायचा, पुढं त्यानं त्यांचेच खेळ केले. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होऊन बोलतात, वागतात. अडलं की पुढचं फासे टाकून ठरवतात. आमच्याकडे कुणी खेळलंच तर परदेशी राजे-राक्षसांचे खेळ खेळायचं. शेखरनं त्यात आमचे तलाव आणले, सालेकशाचं जंगल, मोहफुलं वेचणाऱ्या बाया, कोहमाऱ्याचे ढाबे आणले. पुण्या-बंगलोरची पोरं ते खेळू लागली, त्याचं पाहून स्वतःच्या गावांचे खेळ रचू लागली. मला केवढा अभिमान होता त्याचा!

माझा मोठा भाऊ कॉलेजात असताना घरातून निघून गेला, तो आलाच नाही. त्याबद्दल आमच्या घरी कुणी बोलत नसे. मी फक्त शेखरला सांगितलं होतं, तलावाच्या पाळीवर बसून, थोडं थोडं करत, कित्येक वर्षं. संध्याकाळच्या गाडीची शिटी ऐकली की आई अजूनही एक ताट जास्तीचं वाढते, हेही.

एकदा गोंदियात माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्याचा नवा खेळ मांडला आणि मलाही हौसेनं बसवलं. गोष्ट सांगणारी मुलगी पुस्तिकेतून वाचू लागली. घर सोडून गेलेला मुलगा... शिटी ऐकून ताट वाढणारी आई... एक जण हसत म्हणाला, "पहले इस अम्मा को पटाना पड़ेगा, तब कुछ बताएगी." आणि त्यानं फासे टाकले.

मी तशीच उठले, अर्जुनीची बस धरली. शेखर अंगणातच होता.

"तुले सांगतलं होतं, ते छापाले सांगतलं होतं काय?"

"नाव कुठं टाकलं मी?" तो शांतपणे म्हणाला. "तूच म्हणत होतीस ना, दादाले कोणी शोधतच नाही म्हणून. आता पाह्य, किती जण शोधून राहिले."

"शोधून नाही राहिले, शेखर. खेळून राहिले."

पण खेळ तसाच विकला जात राहिला, आणि मी त्याच्या घरी जाणं सोडलं.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं म्हणून गेले. त्याच्या खोलीत बाहेरगावची खेळणारी मंडळी जमली होती. एक तरुणी भारावून म्हणाली, "सरांना ती आई कशी सुचली असेल हो?"

"सुचली नाही," मी म्हटलं. "माझी आई आहे ती. आत्ता घरी तांदूळ निवडत बसली असेल."

टेबलाच्या टोकाला त्याची खुर्ची होती, वरची उशी बसून बसून चेपलेली. इतक्या माणसांत तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. वहिनींनी ती माझ्याकडे सरकवली. "बसा ना, ताई."

मी तिच्यावर माझी पिशवी ठेवली आणि उभीच राहिले.