न रुसणारा जावई

बर्मिंगहॅममध्ये ज्याच्याशी मी घासाघीस केली नाही असा दुकानदार शोधून सापडणार नाही, आणि या सगळ्या शहरात मला पुरता हरवणारा माणूस एकच निघाला: आमचा जावई. तोही एकदाही घासाघीस न करता. इचलकरंजीहून मी इथे आलो तेव्हा कारखान्यात लेथवर उभा असायचो. आज माझं फरशांचं गोदाम आहे आणि स्पेनचे पुरवठादार माझ्यासमोर बसण्याआधी पाणी मागून घेतात. पण सहा फूट तीन इंचांचा हा अमेरिकन गडी मान किंचित वाकवून "तुम्ही म्हणाल ते बरोबरच असेल, सर," असं म्हणाला की माझी सगळी तयारी वाया जायची. तो बोलायचा इंग्रजीतच, मी ते इथे माझ्या मराठीत सांगतोय.

अमेरिकन फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हर म्हणून असतो, तो त्याचा धंदा. रांगेच्या अगदी टोकाला उभं राहायचं, इशारा झाला की आखून दिलेल्या रस्त्याने जीव तोडून पळायचं, ठरलेल्या पावलाला वळायचं आणि चेंडू येईल म्हणून हात पुढे करायचे. चेंडू बहुतेक वेळा दुसऱ्यालाच जातो. "मग पळायचं कशाला?" मी विचारलं. "मी पळालो नाही तर दुसरा मोकळा कसा होणार, सर?" असला तोट्याचा व्यवहार मी जन्मात ऐकला नव्हता. चार वर्षांत तो पाच शहरांतल्या पाच संघांत होता, त्यातली बहुतेक वर्षं सराव-संघात. म्हणजे येत्या रविवारी ज्यांच्याशी सामना, त्यांच्या नावाजलेल्या रिसीव्हरची आठवडाभर हुबेहूब नक्कल करायची. तो कसा पळतो, कुठे खांदा टाकतो, वळण्याआधी कुठे बघतो, सगळं. आपल्या बचावाच्या गड्यांना त्याची सवय व्हावी म्हणून. रविवारी खेळणारे खेळायचे आणि हा साध्या कपड्यांत कडेला उभा. खऱ्या सामन्यात तो एकदाच उतरला. अकरा वेळा पळाला, एकदा चेंडू आला आणि त्याने तो हवेत आडवा होऊन बोटांच्या टोकांवर झेलला. त्याच वेळी पलीकडे त्याच्याच संघातल्या एका जाड्याने समोरच्याचा शर्ट धरून ठेवला होता. पंचांनी पिवळा रुमाल टाकला, झेल रद्द. त्याच्या नावापुढे आजही शून्य आहे. हे कळल्यावर मी लीगला तीन पत्रं लिहिली. "आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत," असं उत्तर आलं आणि खाली टोपी विकत घेण्याची लिंक. मी आठवडाभर धुमसत होतो. हा म्हणाला, "नियम बरोबर आहे, सर." त्याला राग येत नसे म्हणून त्याच्या वाटचाही मलाच यायचा, आणि माझा आधीच काही कमी नव्हता.

उतरत्या काळात तो इथल्या एका क्लबात आला. तिथे खेळाडू स्वतःची वर्गणी भरून मार खातात. याला निदान राहायला खोली होती. गुडघा सुजला म्हणून हॉस्पिटलात गेला आणि तिथे फिजिओथेरपिस्ट होती आमची मुक्ता, माझी एकुलती एक मुलगी. लग्नात गुरुजींनी पहिलं "सावधान" म्हटलं आणि याचा उजवा पाय आपोआप मागे सरकला, बोटं उघडली, गडी पळायच्या तयारीत. प्रत्येक मंगलाष्टकाला हेच. अंतरपाट खाली आला तेव्हा तो दीड पाऊल पुढे झेपावून मुक्ताच्या नाकापुढे जेमतेम थांबला, आणि लोकांनी टाकलेल्या अक्षतांपैकी मूठभर त्याने हवेतच झेलून काखेत दाबल्या. चार वर्षं तो आमच्याकडे जेवायला असला की वाटी पडल्याचा आवाज होत नसे, कारण ती जमिनीवर पोचायच्या आत त्याच्या हातात असायची.

पहिल्या दिवाळसणाला आमच्या हिने त्याला समजावलं की जावयाने आज रुसायचं असतं, मग सासऱ्याने विनवायचं, मग जावयाने काहीतरी मागायचं. मी मनाची पूर्ण तयारी केली होती. तो गाडीपासून सुरू करील, मी घड्याळापासून, मधे कुठेतरी मिटवू. तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून दोन मिनिटं बसला आणि मग वळून म्हणाला, "एवढं पुरे का?"

"अहो, विनवा की त्याला," ही म्हणाली.

"बोल, काय पाहिजे?" मी दरडावलं.

"आणखी एक पुरणपोळी मिळेल का, सर?"

मला फसवल्यासारखं झालं. शेवटी आपण होऊन गाडी घेऊन दिली, आणि ती देताना मीच रुसलो होतो.

गुडघा कायमचा गेल्यावर तो माझ्या गोदामात आला. तिथे त्याचं खरं कसब मला सापडलं. पुरवठादार यायचा असला की हा त्याचे जुने व्हिडिओ कॉल बघून ठेवायचा आणि माझ्यासमोर तो होऊन बसायचा. स्पेनचा तो गृहस्थ थाप मारण्याआधी अंगठी फिरवतो, हे मला याच्या नकलेतून कळलं. चार दिवस मी याच्याशी भांडायचो आणि पाचव्या दिवशी खऱ्या माणसाला दहा मिनिटांत गुंडाळायचो.

मागच्या वर्षी मुक्ता एकटीच घरी आली. "बाबा, आम्ही सेपरेट होतोय. मला लीड्सला जॉब मिळालाय. संडेला येते, डिव्होर्सचा फॉर्म एकत्रच भरू."

"भांडलात?"

"भांडण झाला नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे," ती म्हणाली. इथेच वाढलेली, तिचं मराठी असंच. "मी जाते म्हटलं, तो ओके म्हणाला."

दुसऱ्या दिवशी मी त्याला गोदामातल्या ऑफिसात बसवलं. "तुला तिच्याबरोबर राहायचंय ना?"

"हो, सर."

"मग तिला सांग. रविवारपर्यंत वेळ आहे. आज सराव-संघात मी. मी मुक्ता."

मी चष्मा तिच्यासारखा डोक्यावर सरकवला. आधी तो हसला. मग मी विचारलं, "चार वर्षं झाली, पलंगाखालची तुझी बॅग अजून अर्धी भरलेली का असते?" हे मुक्ताने हिला आणि हिने मला सांगितलं होतं. त्याचं हसू गेलं.

"सवय," तो म्हणाला. "तिकडे सकाळी कोणीतरी यायचं, कोचने बोलावलंय म्हणून, म्हणजे संघातून काढलं. दुपारी परतीची बस. बॅग भरलेली असली की कोणाचा खोळंबा होत नाही."

"मी काय कोच आहे? मी जा म्हटलं की जाशील?"

"तुला तेच हवं असेल तर..."

"अरे, एकदा तरी नाही म्हण!" मी टेबलावर हात आपटला. नमुन्याची फरशी घसरली, खाली न बघता त्याने ती पकडली, जागेवर ठेवली आणि म्हणाला, "सॉरी." पोरीची बाजू मला त्या क्षणी पहिल्यांदा कळली. अशा माणसापुढे आपण ओरडलो की आपल्याच आवाजाची लाज वाटते.

आम्ही शुक्रवारपर्यंत रोज बसलो. मी त्याला वाक्यं दिली, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा ते दाखवलं. शुक्रवारी टेबलापलीकडून तो म्हणाला, "मला जायचं नाही. मला तुझ्याबरोबर राहायचंय." मला उगाच एक बिल शोधावं लागलं.

रविवारी दोघं मागच्या बागेत बोलली. आम्ही दोघं आत, टीव्हीचा आवाज बंद करून. वीस मिनिटांनी मुक्ता रडत आत आली.

"बोलला ना तो?" मी विचारलं.

"बोलला. टेबलावर हात आपटून बोलला. 'हा माझा शेवटचा शब्द,' म्हणाला. बाबा, तो कधी असा बोलतो? ते तुम्ही बोलता, टाइल्स विकताना. मी विचारलं, बाबांनी शिकवलं? तो हो म्हणाला."

"अगं, पण मनातलं त्याचंच होतं."

"मग त्याच्या वर्ड्समध्ये पाहिजे होतं मला. अडखळला असता तरी चाललं असतं."

बागेत तो खुर्च्या उचलून जागेवर लावत होता. फॉर्म त्याच संध्याकाळी भरला गेला. त्याने काही मागितलं नाही, गाडीची किल्लीसुद्धा माझ्या टेबलावर ठेवली. मी ती परत त्याच्या खिशात कोंबली, त्याने ती पुन्हा ठेवली.

आता तो त्याच्या गावच्या शाळेत पोरांना पळायला शिकवतो. एअरपोर्टला मीच सोडलं. वाटेत रस्त्यावरच्या खोदकामाबद्दल आणि सिमेंटच्या भावाबद्दल बोलत राहिलो, कारण दुसरं काही बोललो असतो तर गाडी वळवावी लागली असती. महिन्यातून दोनदा त्याचा फोन येतो. कोण पोरगा किती उंच उडतो ते सांगतो, हिच्या तब्येतीची चौकशी करतो, आणि मुक्ताचं नाव घेत नाही.

मुक्ताही लीड्सहून फोन करते. कामाचं झालं, हवेचं झालं की विचारते, "त्याचा कॉल आलेला?"

"आलेला."

"कसा आहे?"

मला खूप काही सांगता येण्यासारखं असतं. कुठून सुरू करावं, किती ताणावं, कुठे सोडावं, सगळं जिभेवर तयार असतं, आणि हे सगळं आयुष्यभर मी परक्या माणसांवर खर्च केलं. मी म्हणतो, "तूच विचार की त्याला." ती फोन ठेवत नाही. मीही ठेवत नाही.